काळी चारला लावलेली गिटार

अकोल्याहून फोन आला तेव्हा सकाळचे अकरा वाजत आले होते आणि मी पालक निवडत बसले होते. फोनवर गौतमभाऊ होते. त्यांच्या गायन पार्टीत माझा धाकटा भाऊ विजू गेले काही महिने बास गिटार वाजवत होता आणि त्या दिवशी तालमीसाठी पहाटेच्या गाडीने बडनेऱ्याहून अकोल्याला गेला होता. "जय भीम, ताई," एवढंच म्हणून गौतमभाऊ गप्प झाले. शाहिराचा गळा... तो असा गप्प होत नाही. मी विचारलं, "हात का? डावा हात गेला का पुन्हा?"

"नाई ताई, हात चांगलाच होता. वाजवूनच राह्यले होते. मंधातच थांबले. आमाले वाटलं, तार लावून राह्यले..."

हृदय बंद पडलं होतं. डॉक्टर येईपर्यंत सगळं संपलं होतं. पण भाऊ गेला हे ऐकायच्या आधी मी त्याच्या हाताची चौकशी केली, हे आठ आठवडे झाले तरी माझ्या मनातून जात नाही. तन्वी, निखिल, माझ्या नातवंडांनो, वर्तमानपत्राच्या पुरवणीच्या संपादकांनी भावावर लिहायला सांगितलं, तेव्हा मी ठरवलं की फोनवर तुम्हाला जे सांगायचं टाळलं ते इथे क्रमाने लिहायचं. तुम्ही मामाआजोबांना फोनच्या पडद्यावर पाहिलंत, तेही अर्धेच... कारण त्यांना फोन सरळ धरता येत नसे. उरलेले अर्धे मी सांगते.

विजू रेल्वेच्या सिग्नल खात्यात होता. सगळी नोकरी बडनेऱ्याच्या आजूबाजूला झाली. जुन्या काळी केबिनपासून सिग्नलपर्यंत लांबच लांब तारा असत. उन्हाळ्यात त्या सैल पडत, हिवाळ्यात ताणत, आणि त्यांचा ताण सांभाळणं हे त्याचं काम. तरुणपणी रेल्वे क्वार्टर्समधल्या भीमगीतांच्या पार्टीत तो बेंजो वाजवायचा. मी अमरावतीत इंग्रजी शिकवत होते आणि संध्याकाळी घरी पेटी वाजवायचे, नीट, वहीत बोल लिहून. तो म्हणायचा, "ताई पेटी बी परीक्षेच्या पेपरावानी वाजवते." त्याची बायको लवकर गेली, मूलबाळ नव्हतं. निवृत्तीनंतर बडनेऱ्यातल्या दोन खोल्यांच्या घरात तो एकटा, स्वतःची भाकरी स्वतः थापून, अतिशय मजेत राहत होता.

मग डाव्या अंगाला लकवा मारला. जीव वाचला, बोलणं आलं, पाय आला, हात मात्र मागे राहिला. मी त्याला अमरावतीला माझ्याकडे आणलं. बडनेऱ्याच्या घराला कुलूप लावलं त्या दिवशी त्याने किल्ली माझ्याकडून मागून घेतली आणि उजव्या खिशात ठेवली. "शर्टाच्या गुंड्या दोन्ही हातांनं लावता आल्या का मी चाललो माह्या घरी," तो म्हणाला. मी "बरं" म्हटलं. बडनेरा माझ्या दारापासून रिक्षाने अर्ध्या तासावर, पण तो असं बोलला की जणू समुद्रापार जायचं आहे.

व्यायामासाठी रबरी चेंडू दिला होता, तो त्याने आठवड्यात कंटाळून टाकून दिला. बेंजो काढून दिला, तर त्याची बटणं इतकी जवळजवळ की बोट एकावर ठेवलं की दोन दाबली जायची. तेव्हा निखिल, तूच फोनवर म्हणालास की बास घ्या, त्याच्या तारा जाड आणि लांब लांब असतात, एका वेळी एकच बोट लागतं. तुझ्या आईने इथल्या पत्त्यावर मागवून दिली. मार्चमध्ये माणसाएवढा खोका दारात आला. तो उघडून मी आधी तारा मोजल्या. चार. गिटारला सहा असतात हे मला माहीत होतं, म्हणून मी विक्रेत्याला स्वच्छ इंग्रजीत तक्रार लिहिली की आपण दोन तारा कमी पाठवल्या आहेत. उत्तर आलं की बासला चारच असतात. विजू हसून हसून खोकायला लागला. "काय वं ताई, त्या बिचाऱ्याले व्याकरणासकट झापलं तुनं!" त्या घरात तो असा हसला, ही पहिली वेळ.

पहिले दोन आठवडे तो तिच्याशी नव्या सुनेशी वागावं तसा वागला, म्हणजे लांबून. मांडीवर घ्यायचा, वजन पाहायचा, परत ठेवायचा. विजेची गिटार, आणि स्पीकर तर अजून घेतलेलाच नव्हता. तार छेडली की डासाएवढा आवाज. मग त्याने स्वतःच एक युक्ती काढली. गिटारीचं टोक माझ्या लोखंडी कपाटाला टेकवून तार ओढली आणि अख्खं कपाट बोललं. आतल्या पितळी डब्यांनी घुमारा धरला. मी स्वयंपाकघरातून धावत आले. तो कपाटाला गाल लावून, डोळे मिटून उभा होता. "ताई, ऐक... मालगाडी येऊन राह्यली." जाड तार पडद्यावर दाबायला पहिल्या बोटाला घाम फुटायचा. पडदे म्हणजे मानेवर आडव्या बसवलेल्या धातूच्या पट्ट्या. दाब कमी पडला की सूर न येता नुसती तार खरखरते. म्हणजे हाताची परीक्षा रोज, तिथल्या तिथे, कोणाला न विचारता. म्हणूनच त्याला ती गिटार आवडली असावी.

माझी चूक इथे सुरू होते. गौतमभाऊ जुने ओळखीचे. विजू बास शिकतोय कळल्यावर ते म्हणाले, हात बसला की पार्टीत या. त्यांचा आवाज उंच, ते काळी चारमध्ये गातात, म्हणजे पेटीची चौथी काळी पट्टी हा त्यांचा सा. आता मला माझ्या पेटीच्या बाईंनी लहानपणी शिकवलं होतं की तंबोरा असो की काही असो, बैठकीतलं तारेचं प्रत्येक वाद्य गाणाऱ्याच्या सा ला लावायचं. खोक्यात इंग्रजी कागद होता, त्यावर चार तारांसाठी चार अक्षरं होती. मी तो वाचला. मला नीट कळला. आणि मी विजूला सांगितलं, "हे साहेबांचे सूर आहेत, आपल्याला गौतमभाऊंबरोबर वाजवायचंय." मी पेटीवर काळी चार धरून बसले आणि तो खुंटी पिळत गेला, जाड तार तिथपर्यंत येईतो. मग बाकीच्या तीन, तितक्याच वर. तारा कुरकुरल्या. तो म्हणाला, "लय ताणून राह्यली, ताई." मी म्हटलं, "नवी आहे म्हणून."

शिवाय एप्रिल उजाडला. अमरावतीचा एप्रिल तुम्ही पाहिलेला नाही... दुपारी भिंतीला हात लावला तर चटका बसतो. मला वाटलं, लाकूड तडकेल. म्हणून मी गिटार कूलरसमोर ठेवायला सुरुवात केली, वाळ्याच्या ओल्या वाऱ्यात, दिवसभर.

मी एक वही केली होती. रोज सकाळी नाश्त्यानंतर विजू चारही तारांवर एकेक सूर दाबून धरायचा आणि मी घड्याळ घेऊन समोर बसायचे. सूर किती वेळ स्वच्छ राहिला आणि खरखर कधी सुरू झाली, ते लिहायचे. सुरुवातीला आकडे चढले. तो दर रविवारी वही मागायचा, रेल्वेच्या वेळापत्रकासारखी वाचायचा. शर्टाची सगळ्यात वरची गुंडी त्याने एका सकाळी दोन्ही हातांनी लावली आणि मला हाक न मारता नुसता दारात येऊन उभा राहिला. खिशातली किल्ली वाजवली.

मग आकडे थांबले. मग उतरायला लागले. आधी जाड तार दबेना, नंतर तिच्याशेजारची. मे महिन्यात अशी वेळ आली की तो दोन बोटं एकावर एक ठेवून दाबायचा, कपाळावरची शीर फुगायची, आणि तार नुसती खरखर करायची. मी घड्याळाकडे पाहत राहायचे, कारण त्याच्या चेहऱ्याकडे पाहवत नसे. तो पुन्हा दाबायचा. "थांब आता." "एक डाव अजून." पुन्हा खरखर. एके दिवशी तो स्वतःच्या हाताकडे बघून, दुसऱ्या कोणाशी बोलावं तसं म्हणाला, "काहून बे, काय झालं तुले?"

मी वही घेऊन डॉक्टरांकडे गेले. वही पाहून ते गंभीर झाले. बरा होत आलेला हात असा उतरतो म्हणजे दुसरा झटका येऊ घातला असेल, तपासण्या करा आणि तोवर ताण नको, असं त्यांनी सांगितलं. त्यांचा दोष नाही, त्यांच्यासमोर माझी वही होती आणि वही स्वच्छ अक्षरात होती. तपासण्यांत काही निघालं नाही. म्हणजे माझी भीती वाढलीच. घरी येऊन मी गिटार खोक्यात घातली आणि खोका कपाटावर ठेवला.

तो भांडला नाही. भांडला असता तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवसापासून तो सकाळी शर्ट घालायचा आणि गुंड्या लावायला माझ्यासमोर उभा राहायचा, लहान मुलासारखा. दोन्ही हातांनी लावता येत होत्या, आदल्या दिवसापर्यंत लावत होता, पण आता हातच पुढे करेना. चहाचा कप उजव्या हातात, डावा मांडीवर पालथा. त्या पाच आठवड्यांत त्याने एकदाच मान वर करून कपाटाकडे पाहिलं आणि म्हणाला, "ताई, एक डाव पाहू दे नं. फक्त एक तार." मी म्हणाले, "नाही." शिक्षिकेच्या आवाजात म्हणाले. त्याने पुन्हा मागितलं नाही.

आणखी एक गोष्ट लिहायची आहे, जी मी तुमच्या आईलाही सांगितलेली नाही. त्या दिवसांत मला भीती वाटत होती, झोप लागत नव्हती, हे खरं. पण किल्ली त्याच्या खिशातून निघून कपाटाच्या खणात येऊन पडली, तेव्हा मला थोडं... हायसं वाटलं. घरात कोणीतरी राहणार होतं. दोन ताटं मांडायची होती. मी त्याच्या हातासाठी रडत होते आणि तो जाणार नाही म्हणून निश्चिंतही झाले होते. दोन्ही एकाच वेळी. हे लिहिताना मला लाज वाटते, पण मी ते खोडणार नाही.

जूनच्या अखेरीस गौतमभाऊंचा फोन आला. वर्षावासाचे, म्हणजे विहारांतल्या पावसाळ्याच्या तीन महिन्यांचे, कार्यक्रम ठरत होते. ते जपून म्हणाले, "विजूभाऊले नाई जमत तं राहू द्या, पण वाजा पडून राहण्यापेक्षा पार्टीले दिला तं... कोणी ना कोणी वाजवीन." मी विजूला विचारलं. तो म्हणाला, "देऊन टाक. पण मी सोता नेऊन देईन." बडनेऱ्याला गाडीत बसलो. खोका त्याने सीटवर उभा केला आणि उजव्या हाताने कवटाळून धरला. स्टेशनाजवळच त्याचं घर, पण त्याने खिडकीबाहेर पाहिलं नाही. मूर्तिजापूर गेलं, अकोला आलं, खोक्यावरचा हात त्याने काढला नाही.

गौतमभाऊंनी आम्हाला आधी रशीदभाईंच्या दुकानात नेलं. रशीदभाई म्हणजे साठी ओलांडलेले, बँड आणि ऑर्केस्ट्राची वाद्यं दुरुस्त करणारे गृहस्थ. दुकानभर पेट्या, क्लॅरोनेट, फुटलेले ढोल. त्यांनी गिटार हातात घेतली, एक डोळा मिटून तिच्या मानेवरून बंदुकीतून पाहावं तसं पाहिलं. मग जाड तारेवर बोट ठेवून दाबलं. तोंड वाकडं केलं. पुन्हा दाबलं.

"ये कौन बजाता था?"

"मी," विजू म्हणाला. "आता नाई वाजवत. हात गेला माहा."

"हात?" रशीदभाईंनी स्वतःचं बोट झटकलं. तारेचा लाल वळ उठला होता. "भाईसाब, इसको तो अखाड़े का पहलवान भी नहीं दबा सकता. हात काहे का गया, गर्दन गई इसकी! धनुष हो गया पूरा." त्यांनी गिटार आडवी धरून दाखवली. मान मधोमध वाकली होती आणि तारा पडद्यांपासून इतक्या उंच उचलल्या होत्या की खालून माझी करंगळी गेली असती. "कौनसे सुर में लगाई?"

मीच म्हणाले, "काळी चारला."

"या अल्ला. और रखते किधर थे?"

"कूलरसमोर."

त्यांनी एकदा माझ्याकडे, एकदा माझ्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं आणि कामाला लागले. आधी तारा सोडून खाली, कागदावरच्या त्या साहेबाच्या सुरांवर आणल्या. मानेच्या आत एक पोलादी सळई असते, ती छोट्या पान्याने थोडी थोडी आवळली. पुन्हा डोळा मिटून पाहिलं, पुन्हा आवळली. काळी चार वाजवायची तर तिथलाच पडदा दाबायचा, अख्खं वाद्य चढवायचं नसतं, आणि ओल्या हवेत लाकूड मऊ पडून ताणाने वाकतं, असं ते सांगत होते. मला ऐकू येत होतं आणि येत नव्हतं. मी विजूकडे पाहत होते. तो स्टुलावर बसून स्वतःचा डावा हात उलटसुलट करून बघत होता.

"लो, अब दबाव."

विजूने गिटार घेतली नाही. गौतमभाऊ म्हणाले, "घ्या नं, भाऊ." तरी नाही. शेवटी रशीदभाईंनीच ती त्याच्या मांडीवर ठेवली, तिला स्पीकरची वायर जोडली आणि पाठ फिरवून दुसरंच काही शोधायला लागले. त्यांनी पाठ फिरवली म्हणून तो हात उचलला गेला असं मला वाटतं. पहिलं बोट जाड तारेवर टेकलं. दाबलं. उजव्या अंगठ्याने तार ओढली... आणि सूर आला. स्वच्छ, जाड, लांब. दुकानातल्या एका ढोलाचं कातडं आपोआप थरथरलं. बोट तसंच राहिलं. मी घड्याळाकडे पाहिलं नाही. सूर आपला आपण संपेपर्यंत कोणी हललं नाही.

परतीच्या गाडीत खोका आमच्याबरोबरच होता. बोरगाव गेल्यावर तो म्हणाला, "माह्या हाताले काई झालं नोतं."

"नाही."

"पाच हप्ते, ताई."

"हो."

मी वाट पाहत राहिले. त्याने रागवावं असं मला मनापासून वाटत होतं. खोका मांडीजवळ ओढून घेत तो म्हणाला, "आखी नोकरी मी उन्हाळ्यात तारा पाहत आलो. आन् घरच्या तारेवर मले शक आला नाई, हातावर आला. मंग एकट्या तुलेच काहून बोलू?" मग खिडकीबाहेर बघत, "चायवाला येईन तं दोन घेजो."

पुढच्या महिन्यात त्याने खणातून किल्ली काढली. मी अडवलं नाही. अडवायचा हक्क मी घालवला होता. तो बडनेऱ्याला राहायला गेला, आणि मी रोज सकाळी फोन करून दुसरं काही न विचारता "गुंड्या?" एवढंच विचारायचे. तो म्हणायचा, "पाचही."

वर्षावासाच्या समाप्तीला अकोल्यात विहारासमोरच्या मैदानात कार्यक्रम झाला. तो एकच कार्यक्रम त्याला मिळाला. मी बायकांच्या रांगेत, पदराखाली मूठ आवळून बसले होते. तिसऱ्या गाण्यात त्याचं बोट घसरलं, मला दिसलं. गौतमभाऊंनीही गाता गाता मागे पाहिलं. विजू दोन ठोके थांबला, आणि त्या दोन ठोक्यांत ढोलकी, पेटी, आवाज, सगळं एकदम पोकळ, कागदी झालं. माझ्या शेजारची बाई म्हणाली, "वं माय, लाइट गेली का काय?" मग तो पुन्हा खाली, जाड तारेवर उतरला आणि शेवटपर्यंत तिथेच राहिला. बाई म्हणाली, "आली." मला हसू आलं आणि मूठ उघडेना.

पाच आठवडे ही काही मोठी गोष्ट नाही असं लोक मला सांगतात. एरवी नसेलही. पण जूनपासून तो जाईपर्यंतचे महिने बोटांवर मोजण्याइतके आहेत, आणि त्यांच्या शेजारी पाच आठवडे ठेवले की ते लहान दिसत नाहीत. तो माझ्याकडेच राहिला असता तर त्या सकाळी वाचला असता का, हेही मी स्वतःला विचारते. डॉक्टर नाही म्हणतात. मी आता डॉक्टरांना वही दाखवत नाही.

मागच्या आठवड्यात रशीदभाई स्वतः, तालमीनंतर अकोल्यातच राहिलेली गिटार घेऊन अमरावतीला आले. तारा सैल करून ठेवू नका, म्हणाले, नाहीतर मान उलट्या बाजूला जाईल, तिला ताण लागतो. कसं तपासायचं ते त्यांनी मला दाखवलं. मी लिहून घेतलं नाही, दोनदा करून पाहिलं. निघताना त्यांनी गिटार पालथी केली. "ताई, इधर पीछे पॉलिश घिस गई है. मार देता हूँ, नई हो जाएगी." मानेच्या मागच्या बाजूला, जाड तारेच्या मागे, रुपयाएवढा डाग होता. तिथे डाव्या हाताचा अंगठा टेकतो, पुढून बोटं दाबतात आणि मागून अंगठा. मी म्हटलं, इतक्या थोड्या दिवसांत कशी झिजली? ते म्हणाले, सरळ वाजवून इतकी झिजत नाही, मान वाकलेली असताना कोणीतरी फार जोर लावलाय, रोज लावलाय.

मी अंगठा तिथे ठेवून पाहिला. लाकूड उघडं पडलंय, कोरडं आणि गुळगुळीत. बोटं आपोआप पुढे, तारेवर आली.

"राहू द्या, भाई," मी म्हटलं. "तेवढं राहू द्या."